हजीऱ्यात यंत्रमानव येण्याआधी

ग्वाल्हेरचा हजीरा बाहेरगावच्या माणसाला तानसेनामुळे ठाऊक असतो. महंमद घौसच्या मकबऱ्यातल्या दगडी जाळ्या, जवळच तानसेनाची साधी, ठेंगणी समाधी, तिथली चिंच, आणि १९२४ पासून चालत आलेला समारोह. गावातल्या जुन्या माणसाला मात्र हजीरा म्हटलं की गिरणी आठवते. १९२१ मध्ये घनश्यामदास बिर्लांनी इथे जियाजीराव कॉटन मिल उभारली. लोकांच्या तोंडी ती 'जे. सी. मिल' झाली. तिच्या आधाराने बिर्लानगर वसलं, कामगारांच्या घरांच्या 'लाइनी' उभ्या राहिल्या. पुढे रेयॉनचा कारखाना आला, सिमको ही यंत्रनिर्मिती कंपनी आली. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला जे. सी. मिल बंद पडली. कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा विषय त्यानंतर तीन दशकं कागदपत्रांतून आणि निवडणुकीच्या भाषणांतून फिरत राहिला.

मिल बंद झाली तेव्हा पस्तिशी-चाळिशीत असलेला कामगार आज सत्तरीत आहे. कापसाच्या धुळीत वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांच्या छातीत दम भरतो, हे वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून माहीत आहे. मागावर उभ्या राहणाऱ्यांचे कान अकाली जातात, हेही माहीत आहे. अशा म्हाताऱ्या शरीरांना उठवणं, बसवणं, न्हाऊ घालणं, औषधं देणं, रात्री दोनदा उठून लघवीला नेणं ही कामं आज कोणी ना कोणी करत आहे. बहुतेक घरांत ती बायको करते, सून करते किंवा सासरहून चार दिवसांसाठी आलेली मुलगी करते. वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या यंत्रमानवांची चर्चा टोकियो-लंडनच्या परिषदांत होते, पण ती खरी घासून पाहायची असेल तर हजीऱ्यासारख्या वस्तीत पाहायला हवी, असं मला वाटतं. यंत्र आलं आणि गेलं, दोन्ही वेळा आपल्याला कुणी विचारलं नाही, हा अनुभव या वस्तीने आधीच घेतलेला आहे.

युरोपात गेली पंधरा-वीस वर्षं 'जबाबदार नवनिर्मिती' नावाचा एक विचार रुजतो आहे. जॅक स्टिल्गो, रिचर्ड ओवेन आणि फिल मॅक्नाटन या अभ्यासकांनी २०१३ मध्ये त्याची जी मांडणी केली तिचा सर्वाधिक आधार घेतला जातो. संशोधन करताना पुढे काय होऊ शकतं याचा आधीच विचार करा, आपण हे का करतो आहोत असं स्वतःला विचारा, ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना सुरुवातीपासून सोबत घ्या, आणि त्यांचं ऐकून दिशा बदलण्याची तयारी ठेवा, असा तिचा गाभा आहे. ऐकायला हे सगळं सरळ वाटतं. ते अवघड का, हे डेव्हिड कॉलिंग्रिज यांनी १९८० मध्येच सांगून ठेवलं होतं. तंत्रज्ञान नवं असतं तेव्हा ते बदलणं सोपं असतं, पण त्याचे परिणाम दिसत नसतात. परिणाम दिसू लागतात तोवर पैसा, नोकऱ्या, नियम, सवयी असं सगळं त्याभोवती घट्ट झालेलं असतं आणि बदलणं जवळपास अशक्य होतं. शुश्रूषेच्या यंत्रांबाबत भारत आज पहिल्या टप्प्यावर आहे. यंत्रं जवळजवळ नाहीतच. म्हणून बोलायची वेळ हीच आहे.

इंग्लंडमध्ये शेफील्ड विद्यापीठातल्या समाजशास्त्रज्ञ स्टेव्हिएना डी सेल यांनी या प्रश्नावर केलेलं काम मला विशेष महत्त्वाचं वाटतं. काळजी घेणारी माणसं, काळजीची गरज असलेली माणसं आणि यंत्र बनवणारे यांच्या मनात 'यंत्रमानव' या गोष्टीचं चित्र काय आहे, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेगोच्या ठोकळ्यांनी मॉडेलं करायला लावून शोधलं. यात पोरखेळ काही नाही. तांत्रिक भाषा न येणारा माणूस प्रश्नावलीपुढे गप्प होतो. हाताने काही मांडायला मिळालं की तोच माणूस बोलू लागतो, आणि इंजिनिअरलाही त्याचं ऐकावं लागतं. याच लेखिकेने इतरांबरोबर 'जबाबदार स्थैर्या'चाही विचार मांडला आहे. प्रत्येक नवी वस्तू अर्थव्यवस्थेची वाढ करण्यासाठीच जन्माला यावी का, की कधी कधी सावकाश जाणं, किंवा थांबणंसुद्धा, जबाबदारीचं असतं, असा प्रश्न त्यात विचारलेला आहे. उद्योगमंत्र्यांना हे रुचणार नाही. मला मात्र तो या सगळ्या चर्चेतला सर्वांत प्रामाणिक प्रश्न वाटतो.

घाई केल्यावर काय होतं, ते जपानने दाखवलं आहे. तिथे पासष्टीवरची लोकसंख्या २९ टक्क्यांच्या आसपास आहे. सरकारने २०१३ पासून शुश्रूषा-यंत्रांच्या विकासासाठी मोठा कार्यक्रम आखून पैसा ओतला. 'रोबेअर' हा अस्वलाच्या चेहऱ्याचा, रुग्णाला दोन हातांवर उचलणारा यंत्रमानव २०१५ मध्ये जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकला. त्याचं वजन १४० किलो होतं. तो बाजारात कधी आलाच नाही. जेम्स राइट या मानववंशशास्त्रज्ञाने तिथल्या एका वृद्धाश्रमात क्षेत्र-अभ्यास करून यंत्रं आल्यावर काय घडतं ते जवळून पाहिलं. त्यांचं पुस्तक २०२३ मध्ये आलं, आणि यंत्रमानव जपानला वाचवणार नाहीत हा निष्कर्ष त्यांनी थेट शीर्षकातच सांगितला.

राइट यांची निरीक्षणं तपशिलाने वाचावीत अशी आहेत. तिथे तीन यंत्रं आणली होती. 'हग' रुग्णाला उचलायला मदत करायचं, 'पारो' हे सीलच्या पिल्लासारखं मऊ केसाळ खेळणं स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या सोबतीला होतं, आणि 'पेपर' व्यायाम करून दाखवायचा. 'हग' खोल्याखोल्यांतून ढकलत नेण्यात इतका वेळ जाई की थोड्याच दिवसांत कर्मचाऱ्यांनी त्याचा वापर सोडला. 'पेपर' समोर हातवारे करत असताना म्हाताऱ्या मंडळींनी ते करावेत म्हणून एका कर्मचाऱ्याला शेजारी उभं राहून तेच हातवारे करावे लागत. 'पारो' काहींना आवडला, पण एका आजींचा त्याच्यावर इतका जीव जडला की त्याच्याशिवाय त्या जेवेनात आणि झोपेनात. मग यंत्रावर लक्ष ठेवणं हे आणखी एक काम होऊन बसलं. काम कमी व्हावं म्हणून आणलेल्या यंत्रांनी काम वाढवलं. यंत्र हलवा, पुसा, चार्ज करा, सुरू करा, त्याच्यावर नजर ठेवा. आणि या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाशी गप्पा मारायचा जो थोडा वेळ उरायचा, तोच आधी गेला.

आता हाच 'हग' हजीऱ्यातल्या एखाद्या लाइनीतल्या घरात आणून पाहा. खोल्या दोन. दाराला उंबरठा, मोरीला पायरी, संडासाचं दार अरुंद. पलंगाच्या एका बाजूला भिंत आणि दुसरीकडे कपाट. उन्हाळ्यात पारा ४५च्या वर, आणि वीज गेली की पंखासुद्धा बंद. बैठकीच्या खोलीत रात्री मुलं झोपतात. प्रयोगशाळेत रुग्ण सपाट फरशीवर, मोकळ्या जागेत, चारही बाजूंनी हात घालता येईल असा पडलेला असतो. आपल्या घरातलं आजारपण तसं कधीच नसतं. या घराला आधी काय हवं, हे तिथल्या सुनेला विचारलं तर ती बहुधा यंत्रमानव मागणार नाही. पाठीला फोड येऊ नयेत म्हणून हवेची गादी, बाजूला दांडा असलेला पलंग, चाकांची कमोडची खुर्ची आणि महिन्याचे डायपर परवडतील एवढे पैसे, यांपैकीच काहीतरी ती सांगेल. हेही तंत्रज्ञानच आहे. त्याला वर्तमानपत्रात फोटो मिळत नाही, एवढाच फरक.

भारतात ही चर्चा सुरू झाली की दोन युक्तिवाद लगेच पुढे येतात. दोन्हींशी माझा वाद आहे. पहिला म्हणतो, आपल्याकडे माणसं भरपूर आणि स्वस्त आहेत, यंत्राची गरजच काय? दुसरा म्हणतो, आपल्या संस्कृतीत मुलंच आईवडिलांना सांभाळतात, परदेशासारखं नाही. दोन्ही युक्तिवाद उभे आहेत ते बाईच्या पाठीवर. २०१९च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवताना दिसल्या, पुरुष ९७. घरातल्या माणसांची काळजी घेणाऱ्यांत स्त्रियांची १३४ मिनिटं होती, पुरुषांची ७६. 'मुलं सांभाळतात' म्हणताना आपण मुलाचं नाव घेतो आणि काम सुनेकडून करून घेतो. रजनी पालरीवाला आणि एन. नीता या अभ्यासकांनी भारतातल्या काळजीव्यवस्थेचं वर्णन 'स्तरबद्ध कुटुंबवाद' असं केलं आहे. त्यांचा अभ्यास बालसंगोपनाचा होता, पण म्हातारपणालाही तो तंतोतंत लागू पडतो. सगळा भार कुटुंबावर टाकलेला असतो, आणि कुटुंबाची ऐपत असेल तर तोच भार आणखी गरीब कुटुंबातल्या बाईकडे सरकतो.

ही दुसरी बाई म्हणजे मावशी, आया, ब्यूरोतून आलेली अटेंडंट. ती बारा तास उभी असते, आणि तिच्या स्वतःच्या घरी तिची सासू एकटी पडलेली असते. घरकामगारांच्या हक्कांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २०११ मध्ये झाला, त्याला भारताने अजून मान्यता दिलेली नाही. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा तरी केला. देशपातळीवर स्वतंत्र कायदा नाही, आणि जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तशा कायद्याचा विचार करण्यासाठी समिती नेमायला सरकारला सांगावं लागलं. तेव्हा यंत्र आल्यावर या बाईची नोकरी जाईल का, हा प्रश्न मला अपुरा वाटतो. आज तिची जी नोकरी आहे तिला सुट्टी नाही, विमा नाही, पाठ गेली तर भरपाई नाही. ते बदलायचं टाळून आपण यंत्राकडे पाहत असू, तर तो पळ काढणं आहे.

म्हणून मी यंत्राच्या विरुद्ध आहे असं नाही. उलट, काही बाबतीत माणसापेक्षा यंत्र बरं, असं मला ठामपणे वाटतं. साठ किलोचा देह दिवसातून आठ वेळा उचलून कुणाच्या मणक्याचा चुराडा होत असेल, तर ते वजन यंत्राने उचलावं. आणि लाजेचं काय? आयुष्यभर घरात मान खाली न घातलेल्या सासऱ्याला सुनेकडून धुऊन घ्यावं लागतं तेव्हा दोघांवर काय गुजरतं, ते आपल्याकडे कुणी बोलत नाही. अशा वेळी एक मुकं यंत्र त्याला स्वतःचं स्वतः करायला मदत करत असेल तर त्यात मला माणुसकीचा अभाव दिसत नाही. 'मानवी स्पर्शाला पर्याय नाही' हे वाक्य बहुतेकदा तीच माणसं म्हणतात ज्यांना तो स्पर्श रोज करावा लागत नाही.

माझी अडचण सुरू होते ती प्रेमाचं नाटक करणाऱ्या यंत्रांपाशी. न्यूयॉर्क राज्याच्या वृद्ध-कल्याण कार्यालयाने २०२२ मध्ये 'एलीक्यू' नावाचं बोलकं यंत्र आठशेहून अधिक एकट्या वृद्धांना द्यायचं ठरवलं. एकटेपणा कमी होतो, असं त्यांचं म्हणणं आहे. असेलही. पण रॉबर्ट आणि लिंडा स्पॅरो यांनी २००६ मध्येच एक आक्षेप नोंदवला होता, आणि त्याचं समाधानकारक उत्तर मी अजून वाचलेलं नाही. ज्याला काहीच वाटत नाही त्याला आपल्याविषयी काही वाटतं, असं एखाद्या थकलेल्या माणसाला मानायला लावणं ही फसवणूक आहे, मग तिने त्याला बरं का वाटेना. भारतीय संशोधनातल्या अंदाजानुसार साठीवरच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना, स्मृतिभ्रंश आहे. फसवणुकीला संमती देणं किंवा नाकारणं ज्यांच्या हातातच उरलेलं नाही अशी ही माणसं आहेत. शिवाय हजीऱ्याच्या बाबतीत एक साधी गोष्ट आहे. मागाच्या खडखडाटात ज्याचे कान गेले, त्याच्याशी हे गोड आवाजातलं यंत्र बोलणार कसं? आणि हिंदीत मिसळलेली ग्वाल्हेरी मराठी किंवा बुंदेली त्याला कोण शिकवणार?

या सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे. शुश्रूषेच्या यंत्रात तीन माणसं असतात आणि ती तिघं वेगवेगळी असतात. पैसे देणारा एक, यंत्र हाताळणारी दुसरी, आणि ज्याच्या अंगाला ते यंत्र लागणार तो तिसरा. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या कितीतरी मराठी घरांत आज हेच चित्र आहे. मुलगा पुण्यात, बंगळुरूत किंवा न्यू जर्सीत. घरी ऐंशीची आई आणि दिवसभराची बाई. मुलगा काळजीपोटी आईच्या खोलीत कॅमेरा बसवतो. त्याची काळजी खरी आहे, तिच्यावर शंका घ्यायचं कारण नाही. पण कॅमेऱ्यासमोर कपडे बदलायचे आहेत ते आईला, आणि क्षणभर टेकलं तरी फोन येईल या धास्तीत वावरायचं आहे ते बाईला. २०२३च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात संमतीविषयी बरंच आहे, पण घरातल्या घरात मुलाने आईची संमती कशी घ्यायची, हे कोणताही कायदा सांगू शकणार नाही. आज बाजार पहिल्या माणसाचं ऐकतो, कारण पाकीट त्याच्याकडे आहे. दुसरी आणि तिसरा यांचा शब्द अखेरचा मानला जाईल तेव्हाच या क्षेत्रातली नवनिर्मिती जबाबदार म्हणता येईल, असं माझं म्हणणं आहे.

हे स्वप्नाळू वाटू नये म्हणून केरळचं उदाहरण देतो. मॅनहोलमध्ये उतरणाऱ्या माणसांचे मृत्यू पाहून तिथल्या तरुण इंजिनिअरांनी 'जेनरोबोटिक्स' ही कंपनी काढली आणि २०१८ मध्ये 'बँडिकूट' हा गाळ उपसणारा यंत्रमानव आणला. यंत्र तर महत्त्वाचं आहेच. पण पूर्वी आत उतरणाऱ्या सफाई कामगारांनाच ते चालवायचं प्रशिक्षण दिलं गेलं, हे मला त्याहून मोठं वाटतं. ज्याचा जीव धोक्यात होता त्याच्याच हातात यंत्राचा दांडा आला. देशातले मॅनहोलमधले मृत्यू याने थांबलेले नाहीत, कारण हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणारा २०१३चा कायदा असूनही नगरपालिका आणि ठेकेदार अजून माणसालाच खाली उतरवतात. यंत्र असणं पुरेसं नाही, हेही त्यातून कळतं. तरी दिशा बरोबर आहे.

आणखी एक धोका आहे. कंपनी बुडाली तर काय? 'जिबो' या घरगुती यंत्रमानवाचा सर्व्हर २०१९ मध्ये बंद होणार म्हणून त्याने स्वतःच घरच्यांचा निरोप घेतला. २०२४च्या डिसेंबरात लहान मुलांसाठीच्या 'मॉक्सी'ची कंपनी बंद पडली, आणि मुलांना हे कसं सांगायचं या विवंचनेत पालक पडले. म्हाताऱ्या माणसाला उठवणारं, औषधाची आठवण करणारं यंत्र असं एका रात्रीत मुकं झालं तर त्या घराने काय करायचं? कारखाना बंद झाल्यावर मालक निघून जातो आणि माणसं तिथेच राहतात, हे बिर्लानगरला कुणी शिकवायला नको. म्हणून कुठलंही शुश्रूषा-यंत्र सरकारी पैशाने विकत घेताना पहिली अट अशी असावी, की कंपनी गेली तरी ते चालेल, त्याचे सुटे भाग मिळतील आणि गल्लीतला मेकॅनिक ते उघडू शकेल.

सरकारी पैशाचा विषय निघालाच आहे तर आकडा सांगतो. इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ पेन्शनमध्ये साठ ते एकोणऐंशी वयाच्या गरीब वृद्धासाठी केंद्राचा वाटा महिन्याला २०० रुपये आहे, ऐंशीनंतर ५००. त्यात राज्य आपली भर घालतं. एवढ्या पैशात डायपरचा महिना निघत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीवरच्या सगळ्यांना आयुष्मानचं कवच मिळालं, ते चांगलंच झालं. पण ते रुग्णालयात भरती झाल्यावर उपयोगी पडतं. घरच्या अंथरुणावर पडलेल्या माणसाची रोजची उस्तवार त्यात बसत नाही.

ग्वाल्हेरात हे काम करायला लागणारं सगळं आहे. १९४६चं गजरा राजा वैद्यकीय महाविद्यालय आहे, १९६४चं जिवाजी विद्यापीठ आहे, १९५७ची माधव अभियांत्रिकी संस्था आहे, आणि १९९७ पासूनची अटलबिहारी वाजपेयींच्या नावाची माहिती तंत्रज्ञान संस्था आहे. चौघांना हजीऱ्यात एकत्र बसवायला फार पैसा लागत नाही. पण बैठकीची वेळ दुपारी दोन ते चार अशी ठेवावी लागेल, कारण घरची बाई त्याच वेळी थोडी मोकळी असते, आणि तेवढा वेळ तिच्या रुग्णाजवळ बसायला कुणाला तरी पाठवावं लागेल. अटेंडंट बायकांना त्या दोन तासांची मजुरी द्यावी लागेल. नाहीतर 'सर्वांना सामावून घेतलं' असं अहवालात लिहिलं जाईल आणि खुर्च्यांवर नेहमीचेच लोक दिसतील. विद्यार्थ्यांनी पहिलं वर्ष काहीही बनवू नये. लाइनीतल्या घरांचे उंबरठे मोजावेत, रात्रीच्या जागरणांची नोंद करावी, कोणाची पाठ कुठे दुखते ते विचारावं. त्यातून उचलण्याची एखादी साधी, हाताने फिरवायची, विजेशिवाय चालणारी कप्पी निघाली, तर तिला यंत्रमानव म्हणायचं की नाही हा वाद मी घालणार नाही.

आणि या बैठकीत एखाद्या आजोबांनी सांगितलं, की मला यातलं काही नको, मला संध्याकाळी बाहेर ओट्यावर नेऊन बसवणारं माणूस हवं, तर ते उत्तरही अहवालात तितक्याच गांभीर्याने लिहिलं गेलं पाहिजे, आणि त्या माणसाच्या पगाराची तरतूद संशोधनाच्या अंदाजपत्रकातच असली पाहिजे.